सॉनी रॉलिन्स, व्हिलेज व्हॅनगार्ड १९५७: पियानोशिवाय फेरी कशी धरायची?

खर्जवाला:
‘अ नाइट अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ऐकतोय, न्यूयॉर्कच्या त्या जॅझ क्लबातलं लाइव्ह रेकॉर्डिंग. रॉलिन्सचा टेनर सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, बस्स. पियानो नाही, त्यामुळे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कानावर पडत नाहीत आणि चालीच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हमखास चुकतो. कुठल्या ट्रॅकपासून सुरुवात करावी? आणि एलपी घ्यावी की सीडी?

लेहरा:
‘सॉनीमून फॉर टू’. बी फ्लॅटमधला बारा बारचा ब्लूज, एक बार म्हणजे चार मात्रा. चार बारची एकच ओळ तीनदा वाजली की आवर्तन पुरं, ४८ मात्रा. पण मात्रा नका मोजू, बार मोजा: १-२-३-४, २-२-३-४, ३-२-३-४. पाचव्या बारला कॉर्ड ई फ्लॅट, सातव्याला परत बी फ्लॅट. पाचवा सापडला की गाडी रुळावर. पायाचा ठेका हाय-हॅटवर (ड्रम्समधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) ठेवा, तो प्रत्येक बारच्या २ आणि ४ वर वाजतो. ड्रमर एल्विन जोन्सच्या बाकीच्या हातापायांमागे धावलात तर चुकणारच. त्याची ट्रिपलेटं (तीन-तीनचे गट) बारची रेषा सर्रास ओलांडतात. तबल्यासारखी ठसठशीत सम मिळायची नाही.

आणखी एक: ब्लूजवर सॅक्सोफोन आणि ड्रम्स यांची आळीपाळीने चार-चार बारांची देवाणघेवाण चालली, तर एका फेरीत तीनच तुकडे बसतात. म्हणजे एक फेरी सॅक्सोफोन सुरू करतो, पुढची ड्रम्स.

तबकडी:
विल्बर वेअरचा बास नवख्याला चकवतो. सलग चालत नाही, सूर धरून ठेवतो, जागा सोडतो. त्यापेक्षा ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ घ्या. मूळ एलपीवरच्या सहांपैकी एवढाच ट्रॅक दुपारच्या सेटचा, बाकीचे संध्याकाळचे. बास डोनाल्ड बेली, ड्रम्स पीट लारोका.

लेहरा:
बेली सरळ वाजवतो, मान्य. पण ती चाल एएबीए, म्हणजे ए हा भाग दोनदा, मग वेगळा बी, मग परत ए. फेरीचा शेवटचा ए आणि पुढच्या फेरीचे पहिले दोन, असे तीन ए लागोपाठ येतात, आणि माणूस हरवतो तो तिथेच. आधी ब्लूजच.

तबकडी:
बरं, ब्लूज. खरेदीचं म्हणाल तर १९९९ची दोन सीडींची आवृत्ती घ्या, एलपीवर न मावलेलं बरंच त्यात आहे. एलपीच हवी असेल तर अॅम्प्लिफायरला मोनो स्विच आहे का बघा. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने हे मोनोत (एकाच चॅनलमध्ये) घेतलंय. मोनो खोबणीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टीरिओ पिकअप (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही उचलतो, आणि तिथून येते ती निव्वळ खरखर. स्विच दाबला की दोन्ही चॅनल मिसळतात नि ती बरीचशी खोडली जाते. सीडीला याची गरज नाही.