मदत हवी आहे: अंदमानचे चिकटलेले निगेटिव्ह

२००१ साली आम्ही कॉलेजचे पाच जण नागपूरहून जी.टी. एक्स्प्रेसने चेन्नईला गेलो अन् तिथून जहाजाने पोर्ट ब्लेअर. जवळपास तीन दिवस नुसतं पाणी! मी बंकवर ओकाऱ्या काढत पडलेलो आणि माझ्या वाटचं जेवण हाणणारे बाकीचे चौघे. पुढे हॅवलॉक, नील ही बेटं. २०१८ पासून त्यांची नावं स्वराज द्वीप, शहीद द्वीप. आमच्या तोंडी जुनीच नावं. हॅवलॉकच्या राधानगर बीचच्या वाळूत चड्डीवर पाचही जण, तो फोटो हवाच.

रोल कूलरशेजारच्या कपाटात राहून पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात. एका दुकानदाराने ओढून एक फाडलीही. नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, महाल, कुठेही हळुवार सोडवून स्कॅन करणारं कोणी आहे का? पाण्यात भिजवून सुटतात म्हणे, घरी करू का? दिवाळीत चौघंही येताहेत.