सोलापूरच्या घरी फ्रिजचा खालचा भाग थंड होत नाही

विषय: आईबाबांचा फ्रिज, आणि गॅस भरावा का याबद्दल सल्ला हवा

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आईबाबा जुळे सोलापुरात दोघेच राहतात. बाबांचे वय ७६ आहे आणि आईला गेली नऊ वर्षे इन्सुलिन घ्यावे लागते. घरातला फ्रिज दोन दारांचा, २६० लिटरचा, फ्रॉस्ट-फ्री असून अकरा वर्षांपूर्वी घेतलेला आहे. गेल्या आठवड्यापासून खालच्या भागात दूध टिकेनासे झाले आहे. सकाळी तापवून ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी चहाला घ्यावे तर फाटते. वरच्या कप्प्यात बर्फ मात्र नेहमीसारखा होतो, आणि त्यामुळेच पहिले चार दिवस बिघाड कोणाच्या लक्षात आला नाही.

जवळच्या दुकानातून आलेल्या मेकॅनिकने मागे कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला, तो फार तापला आहे, म्हणजे गॅस संपला, भरायला साडेतीन हजार रुपये लागतील, असे सांगितले. बाबा पैसे द्यायला तयार आहेत, परंतु मला इतक्या दूरून काहीच कळत नाही. सोलापुरात सध्या पारा ४२ अंशांवर आहे आणि इन्सुलिनच्या कुप्या त्याच फ्रिजच्या दारात आहेत. ज्यांना या यंत्राची माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
मंडळाची एक सभासद


उत्तर: आईबाबांचा फ्रिज

सप्रेम नमस्कार.

माझे बालपण साखर पेठेत गेले आणि पुढची सव्वीस वर्षे मी शीतकरणाच्या यंत्रांवरच काम केले, म्हणून आपल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे. बाबांना आधी एवढे सांगावे की गॅस आज भरून घेऊ नये.

आपण दिलेल्या माहितीतले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे वर बर्फ होतो आणि खालचा भाग गरम राहतो, हे आहे. आपल्या प्रकारच्या फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी नळ्यांची जाळी एकच असते आणि ती बर्फाच्या कप्प्याच्या मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड बसवलेली असते. तिच्याजवळचा छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढतो, त्यातली बरीचशी वरच्या कप्प्यात सोडतो आणि उरलेली एका बोळातून खाली पाठवतो. खालच्या भागाला स्वतःचा थंडावा नाही. त्याला जे मिळते ते वरून येणाऱ्या हवेतूनच मिळते. त्यामुळे हवेची वाट अडली की पहिला फटका खालच्या भागाला बसतो, आणि जाळीला लागून असलेला वरचा कप्पा आणखी बरेच दिवस बर्फ करत राहतो. गॅस बराच कमी झाला असता तर वरचा बर्फही मऊ पडला असता.

कॉम्प्रेसर तापल्यावरून गॅसचे निदान करता येत नाही. वाट अडलेली असो वा गॅस गळालेला असो, दोन्ही वेळी खालचे तापमान उतरत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि म्हणून तापतो. शिवाय सोलापूरच्या वैशाखात धडधाकट फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरही हात टेकवत नाही. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही, हेही बाबांना आवर्जून सांगावे. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता, फिल्टर न बदलता, नळ्या व्हॅक्यूम पंपाने कोरड्या न करता नुसता गॅस भरला तर काही आठवड्यांत तीच वेळ पुन्हा येते. आतल्या लेबलावर आर-६०० ए लिहिले असेल तर आणखी सावध राहावे, कारण तो आयसोब्युटेन म्हणजे ज्वालाग्राही वायू असतो आणि त्याच्या नळ्यांना घरात ज्योत लावणे हे जाणत्या माणसाचेच काम आहे.

आता पाहायच्या गोष्टी. खालच्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवावा, कारण दार उघडताच हवेचे तापमान बदलते, पाण्याचे लगेच बदलत नाही. खाली २ ते ५ अंश आणि वर उणे १८ च्या आसपास असायला हवे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. जिथे ती अडखळत नाही तिथून बाहेरची हवा आत येते आणि तिच्यातला ओलावा जाळीवर गोठतो. वरच्या दाराचे बटण बोटाने दाबून पंख्याचा आवाज येतो का ते ऐकावे. स्टॅबिलायझरवरचा आकडा संध्याकाळी, सगळ्यांचे कूलर सुरू असताना पाहावा. फ्रिजच्या दोन्ही बाजूंना आणि मागे हातभर नाही तरी वीतभर जागा मोकळी असावी, कारण या मॉडेलची उष्णता बहुधा बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते आणि भिंतीला खेटलेला फ्रिज ती टाकू शकत नाही. आतल्या लेबलावर हवामानाचा वर्ग टी आहे का, तेही पाहावे. टी वर्गाचा फ्रिज भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत चालेल असा बनवलेला असतो, एन वर्गाचा मात्र ३२ पर्यंतच. सोलापुरात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेला फ्रिज मे महिन्यात या मर्यादेच्या काठावरच उभा असतो.

कृपया आकडे कळवावेत.

आपला,
साखर पेठेतला एक सभासद


उत्तर: इन्सुलिनपुरते

सप्रेम नमस्कार. मी फार्मासिस्ट म्हणून काम करते, म्हणून केवळ औषधाबद्दल लिहिते. न उघडलेल्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. खालचा भाग गरम आहे म्हणून त्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याची चूक कृपया कोणी करू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी वापरायोग्य राहत नाही. शक्य असेल तर कुप्या आजच शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे चालते, तरी तिच्या सोबतच्या कागदावरची मुदत पाहावी आणि गेल्या आठवड्यात गरम राहिलेल्या कुप्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. ४२ अंशांच्या खोलीत ती कुपी उघडी ठेवू नये. सोलापूरच्या कोरड्या हवेत मातीच्या भांड्याचा गारवा चांगला मिळतो: मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, त्यात कोरड्या डबीत कुपी आणि वरून ओले फडके, असे सावलीत व वाऱ्यावर ठेवावे.


उत्तर: आकडे

सप्रेम नमस्कार.

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कुप्या समोरच्या काकूंकडे ठेवल्या आहेत, डॉक्टरांनी जुन्या कुप्या बाजूला काढून नव्या घ्यायला सांगितले आहे, आणि वापरातली कुपी मडक्यात आहे.

बाबांनी सर्व वहीत लिहून ठेवले आहे. पेल्यातले पाणी सकाळी १७ अंशांवर होते. वरचा बर्फ कडक आहे. स्टॅबिलायझरवर संध्याकाळी २१५ दिसते. लेबलावर वर्ग टी आणि गॅस आर-१३४ ए आहे. खालच्या दाराच्या कोपऱ्यात कागदाची पट्टी सहज निघाली. पंख्याचा आवाज येत नाही, आणि आई म्हणते की पंधरा दिवसांपूर्वी दोन दिवस आतून खरखर येत होती, नंतर ती आपोआप थांबली म्हणून त्यांनी ती मनावर घेतली नाही.


उत्तर: आकडे

त्या खरखरीनेच पुष्कळ सांगितले. पंख्याची पाती वाढत्या बर्फाला घासत होती आणि पुढे बर्फाने पंखाच जखडला. जाळीवर दव गोठणे स्वाभाविक आहे. ते वितळवण्यासाठी काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, जाळीखालचा हीटर काही मिनिटे पेटतो आणि पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत जाऊन तिथल्या उष्णतेने उडून जाते. या साखळीतली एक कडी तुटली की बर्फ चढत राहतो.

फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून पूर्ण २४ तास बंद ठेवावा. खाली जुने टॉवेल अंथरावेत, सोलापूरच्या घरात त्यांची वाण नसते. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ कधीही टोकरू नये. नळीला भोक पडले तर आज नसलेली गळती उद्या खरोखरच होईल. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, तो कोपरा केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित गरम करून बसवावा. त्या दिवशीच्या जेवणाची चिंता नाही, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना फ्रिज लागत नाही.

त्यानंतर फ्रिज उत्तम चालला आणि आठवडाभराने पुन्हा तेच झाले, तर दोष वितळवण्याच्या साखळीत आहे असे समजावे. तेव्हा मेकॅनिकला मागचा पत्रा उघडायला सांगून, बर्फ वितळवण्यापूर्वी जाळीचा फोटो घ्यावा. बर्फ सगळ्या जाळीवर सारखा असेल तर गॅस पुरेसा आहे. एकाच कोपऱ्यात असेल तर गॅस कमी आहे.


उत्तर: पुन्हा तेच

सप्रेम नमस्कार. बर्फ वितळल्यावर दोन मोठे टॉवेल तीन वेळा पिळावे लागले. दुसऱ्या दिवशी पाणी ४ अंशांवर आले आणि सहा दिवस तिथेच राहिले. सातव्या दिवशी ते ९ झाले. फोटो सोबत आहे, बर्फ सगळ्या जाळीवर सारखा आहे. दुसऱ्या मेकॅनिकने मीटर लावून बायमेटल, म्हणजे हीटरच्या वायरीतला तापमानानुसार जोडणारा-तोडणारा स्विच, खराब असल्याचे सांगितले आहे. तो भाग बदलावा का?


उत्तर: पुन्हा तेच

फोटो पाहिला, गॅसचा विषय संपला. बायमेटल त्यांनी खोलीच्या तापमानाला तपासला असेल तर निष्कर्ष घाईचा आहे. तो थंडीत जोडला जातो आणि गरमीत तुटतो, म्हणजे ४० अंशांच्या स्वयंपाकघरात चांगला बायमेटलही मीटरवर तुटलेलाच दिसणार. बर्फाचा चुरा करून त्यात मूठभर मीठ मिसळावे म्हणजे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. त्यात बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा मिनिटे ठेवावा आणि मग मीटर लावावा. हीटर मात्र कोणत्याही तापमानाला तपासता येतो. त्याच वायरीत फ्यूज असेल तर तोही पाहावा.


उत्तर: दुरुस्ती झाली

सप्रेम नमस्कार. मिठाच्या बर्फात बायमेटल नीट जोडला गेला. फ्यूजही ठीक होता, हीटर आतून तुटलेला निघाला. मेकॅनिकने स्वतःहून मान्य केले की आपण भलताच भाग बदलणार होतो, आणि बाबांनी त्यांना बसवून चहा दिला. हीटर, त्याच दाराचे नवे रबर आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. फ्रिज पश्चिमेच्या भिंतीपासून काढून आतल्या बाजूला ठेवला आहे. आज तेरावा दिवस आहे, बाबांच्या वहीत सकाळचा आकडा ४ आणि संध्याकाळचा ५ आहे, आणि काल आईने काकूंकडच्या कुप्या परत आणल्या.