प्रतिसाद: लग्नानंतर एचपीव्हीची लस

'लग्न झालंय, आता एचपीव्हीची लस घेऊन काय उपयोग?' असा प्रश्न विचारला गेलाय. एचपीव्ही म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू. उपयोग आहे, पण मर्यादित. आधीच झालेला संसर्ग लशीने जात नाही. विषाणूच्या ज्या प्रकारांशी संपर्क आलेला नाही, त्यांच्यापासून मात्र संरक्षण मिळतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७०% कर्करोगांमागे १६ आणि १८ असतात, ६ आणि ११ मुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरापासून पुढे तीन: ०, २ आणि ६ महिने. गरोदरपणात घेऊ नये.

लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी हवीच, कारण बाकीचे प्रकार उरतातच. एचपीव्ही डीएनए चाचणी (नमुन्यात हा विषाणू आहे का ते पाहणारी) निगेटिव्ह आली तर पुढची साधारण पाच वर्षांनी. पाळीत नमुना देऊ नका. आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध किंवा क्रीम नको.

कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. न झाकलेल्या त्वचेतूनही हा विषाणू पसरतो. एचआयव्ही, गनोरिया (परमा) रोखायला मात्र कंडोम फार परिणामकारक आहे, म्हणून सोडू नका.

आणि कृपा करून, पॉझिटिव्ह रिपोर्टवरून जोडीदारावर संशय घेऊ नका. हा संसर्ग वर्षानुवर्षं लक्षणांविना राहू शकतो.