टॉर्चमधल्या लिथियम बॅटऱ्या: सदोष माल परत मागवण्याची सक्ती हवी का?

नदीकाठ: गेल्या महिन्यात आईच्या उशाशी चार्जिंगला लावलेली टॉर्च फुगून तडकली. चादरीवर तळहाताएवढा काळा डाग पडला. दुकानदार म्हणाला, "बदलून देतो." दिली ती त्याच खोक्यातली! त्या खोक्यातल्या बाकीच्या कोणाकोणाच्या घरी गेल्या, त्यालाही सांगता येईना. २००७ साली नोकियाच्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा निघाला, तेव्हा आपण सगळे फोनचं झाकण काढून नंबर पडताळत बसलो होतो. मग टॉर्चच्या बाबतीत का नाही? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवायला लावू शकतं. लावावंच.

सोल्डरगन: आई ठीक आहेत ना? माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नोकियावर नंबर होता, म्हणून पडताळता आला. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या टॉर्चवर बनवणाऱ्याचं नावच नसतं. आत १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब गोल लिथियम सेल), वर क्षमता छापलेली '९९०० एमएएच'. या मापाच्या उत्तम सेलमध्येही ३५०० च्या आसपासच मावतं. काट्यावर ठेवा: चांगला सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, हे कितीतरी हलके. ४.२ व्होल्टला, म्हणजे सेल पूर्ण भरल्यावर, चार्जिंग तोडणारं सर्किटही नाही. असा माल परत मागवणार कोणाकडून? सक्तीत सापडेल तो बिल देऊन विकणाराच. माल बाजारात येण्याआधी अडवा.

दारकरी: आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची. डोक्याला बॅटरी बांधल्याशिवाय पिकाला पाणी द्यायला दारं धरता येत नाहीत, बांधावर साप असतो. स्वस्तातल्या बॅटऱ्या अडवल्या तर आम्ही अंधारात जायचं का? महागातली परवडत नाही.

नदीकाठ: दादा, मी बंदी मागत नाहीये. सदोष निघाली तर विकणाऱ्यानं पैसे परत द्यावेत, एवढंच. बनवणारा सापडत नसेल तर दुकानदार, तोही नसेल तर आयात करणारा. कोणीतरी उत्तर द्यायलाच हवं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

सोल्डरगन: पैसे परत मिळावेत, मान्य. पण ३०० रुपयांच्या टॉर्चचं बिल किती जण जपतात? बॅच नंबर छापायची सक्ती आधी, बाकीचं नंतर. आणि ती फुगलेली टॉर्च अजून घरात असेल तर टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून बाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

दारकरी: माझी पण जरा फुगल्यासारखी वाटतेय. आज रात्री पाण्याची पाळी आहे. वापरू का?

सोल्डरगन: नका वापरू. शेजाऱ्याची मागून घ्या.