मदत हवी आहे: वेरूळच्या नऊ घरांच्या मंडलातले बोधिसत्त्व कसे ओळखायचे?

वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यात, म्हणजे तीन तालमध्ये, भिंतीवर कोरलेलं अष्टबोधिसत्त्व मंडल आहे, तीन बाय तीन चौकोन, मधल्या घरात बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे पूजनीय जीव), त्याबद्दल विचारतेय. शाळेतल्या मुलांना तिथे घेऊन जायचंय आणि प्रत्येक घरात कोण बसलंय ते नीट सांगायचंय.

चौघांपर्यंत पोचलेय. कमळवाला अवलोकितेश्वर, पोथीवाला मंजुश्री, वज्रवाला वज्रपाणी आणि मुकुटात छोटा स्तूप असलेला मैत्रेय. उरतात समंतभद्र, आकाशगर्भ, क्षितिगर्भ आणि सर्वनीवरणविष्कंभी, इथे गाडी अडलीय. टॉर्च तिरका धरून फोटो काढले, मोठे करून बघितले, पण झिजलेल्या भागात फुलाच्या दांड्यावर तलवार आहे की कळी आहे तेच कळत नाही. नेटवरच्या याद्या बहुतेक तिबेटी थांगक्यांवरून (कापडावरच्या धार्मिक चित्रांवरून) केलेल्या असतात, तिथली चिन्हं आणि रंग आठव्या शतकातल्या दगडाला लावायला मन धजत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, तिबेटी येत नाही.

आणि अजून एक, मुलं हे विचारणारच. बृहत्संहितेत, म्हणजे वराहमिहिराच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, घरासाठी ८१ पदांचं (चौकोनांचं) आणि देवळासाठी ६४ पदांचं वास्तुमंडल, म्हणजे बांधकामाचा चौकोनी आराखडा, सांगितलंय, मध्ये ब्रह्मा आणि भोवती बाकीच्या देवता. मधे मुख्य आणि भोवती परिवार ही मांडणी दोन्हीकडे दिसते, पण वास्तुमंडल जमिनीवर आखतात आणि हे तर भिंतीवर उभं आहे, मग याच्यासमोर बसून ध्यान करायचे की पूजा व्हायची? आणि त्या चौघांना ओळखायला चिन्ह बघायचं की घराची जागा?