डोम कॅमेऱ्यात स्क्रीन दिसते कुठे?
ऑफिसात पाठीमागे कॅमेरा लावला की पोरं कॉम्प्युटरवर काय करतात ते मालकाला कळतं, असं काही जण म्हणतात; ते काही पटलं नाही. माणूस खुर्चीत आहे की चहाला गेलाय, एवढंच कळतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात मी टॅलीवर हिशेब बघायचो, तेव्हा डोक्यामागे असाच एक डोम, म्हणजे घुमटासारखा गोल कॅमेरा होता. 2 मेगापिक्सेल, 2.8 एमएमची लेन्स. अशा लेन्सला 3 मीटरवर जवळपास 8 मीटर रुंदीचं दृश्य दिसतं आणि आडवे 1920 पिक्सेल तेवढ्यात वाटले जातात. 19 इंची मॉनिटरच्या वाट्याला येतात जेमतेम 100! त्यात अक्षर कसलं वाचणार? एकदा मालकांनी घरून फोन करून झापलं, "काय रे, सिनेमा बघालायस काय?" मी जीएसटीचं पोर्टल उघडून बसलो होतो, आणि ते नेहमीसारखं गोल गोल फिरत होतं.

असे कॅमेरे लावायला कायद्यानं बंदी आहे म्हणणाऱ्यांनी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 बघावं. नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळायला माहिती वापरायची तर वेगळी संमती लागत नाही, असं त्यात आहे. मला खटकायचं ते दुसरंच. आमच्या डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डबीचा पासवर्ड कॅमेरा बसवणाऱ्यानं ठेवला तोच होता, आणि तो त्या डबीवरच स्केचपेननं लिहिलेला.