पुढून दगड, मागून वीट : व्हिक्टोरियन टेरेस घरांचं एवढं कौतुक कशाला?

ओटीवरचा (धागाकर्ता):
मुलाकडे लंडनला गेलो होतो. १०, किंग हेन्रीज रोड पाहिलं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकायला होते तेव्हा राहिले ते चार मजली घर, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलेलं. तिथे हात जोडलेच. मग दोन दिवस असल्या टेरेस घरांच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात भिंतीला भिंत लावून ओळीने बांधलेल्या घरांच्या, गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि आता स्पष्ट बोलतो: नाटकाचा पडदा आहे सगळा. रस्त्याच्या बाजूला खांब, कमानी, दगडी कोपरे. एके ठिकाणी पापुद्रा सुटला होता, आत चक्क वीट! विटेवर गिलावा, गिलाव्यावर दगडाचे सांधे वाटावेत म्हणून ओढलेल्या रेघा. मागे गेलं की उघडी पिवळट वीट आणि भिंतभर नळ. आपल्याकडच्या बिल्डरला शिव्या घालतो, मग या साहेबाला का नाही?

चुनखडी:
काका, रेघा खोट्या आहेत, मान्य. पण ती फसवणूक नव्हे, हिशेब. जमीन उमरावाची, भाडेपट्टा बरेचदा ९९ वर्षांचा. छोटा बांधकामवाला कर्ज काढून दोन-चार घरं उभी करायचा, ती खपली की पुढची. पैसा दिसेल तिथेच लावणार ना! आणि पुढे काढलेल्या खिडकीला, बे विंडोला, शोभेची म्हणू नका. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, उजेड फक्त पुढून आणि मागून. खिडकी बाहेर काढली की तीन बाजूंनी येतो. काचेवरचा कर १८४५ ला उठला, विटेवरचा १८५० ला, खिडक्यांवरचा १८५१ ला. तेव्हा कुठे हे परवडायला लागलं.
मी नऊ वर्षं अशा घरात राहतोय. सरकत्या खिडकीच्या चौकटीत दोन्हीकडे ओतीव लोखंडाची वजनं दोरीला टांगलेली असतात, म्हणून एवढी जड खिडकी दोन बोटांनी वर जाते. परवा दोरी तुटली आणि वजन आतल्या आत धाडकन आपटलं. बायकोला वाटलं चोर. नवी दोरी ओवली, झालं काम. प्लास्टिकची खिडकी बिघडली की बरेचदा अख्खी फेकावी लागते.

ओटीवरचा:
खिडकी झाली. स्वयंपाकघराचं काय? मालकांच्या घरात ते तळघरात. कोळसा फुटपाथमधल्या गोल लोखंडी झाकणातून खाली ओतायचा, आणि मोलकरणीने तोच बादलीने चार जिने वर न्यायचा. झोपायला तिला माळा. हे नकाशातच आखलेलं होतं.

चुनखडी:
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खालच्या_मजल्यावरची:
कोणी आवाजाबद्दल बोलेल का? सामाईक भिंतीपलीकडचा माणूस शिंकला की मी इकडे 'गॉड ब्लेस यू' म्हणते. बाबासाहेबांच्या घराचं स्मारक करायला कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, परवानगी नाकारली, तेव्हाही शेजाऱ्यांची तक्रार वर्दळ आणि आवाजाचीच होती. अपील झालं, २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. मला स्मारक हवंच होतं. तरी शेजाऱ्यांचा राग अगदीच खोटा म्हणवत नाही, एका भिंतीला दोन घरं आहेत हो.

सिव्हिलवाली:
दोघेही दिसण्यावर भांडताय. या भिंती भरीव, बऱ्याचशा नऊ इंची, मधे पोकळी नाही. पावसाचं पाणी वीट पिते आणि चुन्याच्या सांध्यातून परत बाहेर टाकते. लोक 'मजबुती' म्हणून विटांमधले सांधे सिमेंटने भरतात, मग ओल आत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचे टवके उडतात. इथल्या ओलीच्या कितीतरी तक्रारी अशाच ओढवून घेतलेल्या. ओटीवरचे, तुम्ही पाहिलेला पापुद्राही कदाचित त्यातलाच.

ओटीवरचा:
म्हणजे दोष १८७० च्या बिल्डरचा नाही, परवाच्या गवंड्याचा? बरं, निम्मं मागे घेतो. कोळशाचं नाही.

चुनखडी:
सिव्हिलवाली ताई, आमच्या मागच्या भिंतीला सिमेंटच आहे. काढायचं कसं?

सिव्हिलवाली:
छिन्नी-हातोडीने, हळूहळू. ग्राइंडर लावलात तर विटेची कड जाईल. आणि चुना थंडी सरल्यावरच भरा, ओला असताना गोठला तर भुगा होतो.